११५ तुकड्यांची पेटी आणि न निघणारा एक स्क्रू

प्रश्न : वर्षभरापासून मी ओळखीच्या लोकांचे संगणक आणि लॅपटॉप दुरुस्त करून देत आहे आणि आता हेच काम पूर्ण वेळ करण्याचा विचार आहे. सुरुवातीला मी ११५ तुकड्यांचा एक संच घेतला होता. त्यातील नेहमी लागणारी तीन-चार टोके काही महिन्यांतच गोलावली आणि गेल्या आठवड्यात एका लॅपटॉपच्या तळाचा कोपऱ्यातील स्क्रू असा चेचला गेला की आता तो जागचा हलत नाही. नामांकित कंपन्यांची महाग हत्यारे खरोखर वेगळी असतात का? आधी कोणती घ्यावीत? चुंबकी टोकाने हार्ड डिस्क खराब होते असे ऐकतो, ते खरे आहे का? आणि त्या अडकलेल्या स्क्रूचे काय करू?

उत्तर : तुमच्या बहुतेक प्रश्नांची मुळे स्क्रूच्या डोक्यावरील त्या इवल्याशा खाचेत आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मूठ, पेटी, रंग, हमीपत्र हे सगळे त्या खाचेच्या बाहेरचे आहे. हत्यार आणि स्क्रू यांची गाठ पडते ती फक्त टोकावर, आणि दर्जासाठी मोजलेला पैसा तिथे दिसत नसेल तर तो वाया गेला असे खुशाल समजावे. ११५ तुकड्यांच्या पेटीत नेमके उलटे झालेले असते. ठरलेल्या खर्चात तुकड्यांची संख्या वाढवायची म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला पोलाद हलके आणि घडाईचे कष्ट थोडे येणार. त्या पेटीतील बहुतेक तुकडे तुम्ही वर्षभरात एकदाही बाहेर काढले नसतील, आणि ज्या चार-पाचांवर सगळे काम चालते तेच आधी गोलावले असतील.

आपण ज्याला सर्रास ‘स्टार’ म्हणतो तो स्क्रू म्हणजे फिलिप्स. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली त्याची पेटंटे मिळाली आणि मोटारींच्या कारखान्यांत यंत्राने झटपट पिळता येतो म्हणून तो भराभर पसरला. त्याच्या खाचेच्या भिंती सरळ उभ्या नसून खाली निमुळत्या होत जातात. त्यामुळे टोक आपोआप मधोमध बसते हा त्याचा गुण, आणि जोर वाढला की तेच टोक उतारावरून वर चढून निसटते हा त्याचा अवगुण. निसटताना ते खाचेच्या कडा ओरबाडते, आणि असे दोन-तीनदा झाले की स्क्रू गेलाच. म्हणूनच या स्क्रूला मापाचे टोक आणि वरून दिलेला सरळ दाब या दोन्ही गोष्टी लागतात. एक असून दुसरी नसली तर भागत नाही.

मापांची गोष्ट सोपी आहे, पण तिथेच सर्वाधिक नुकसान होते. कॅबिनेट, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि साडेतीन इंची हार्ड डिस्क यांच्या स्क्रूंना पीएच२ लागते (पीएच म्हणजे फिलिप्स, पुढचा आकडा मापाचा), मदरबोर्डलाही बहुधा तेच चालते, काही बारीक स्क्रूंना पीएच१ लागते, लॅपटॉपच्या तळाला आणि आतल्या भागांना पीएच० आणि पीएच००, आणि त्याहून नाजूक कामाला पीएच०००. आता पीएच०० चे टोक पीएच० च्या खाचेत अगदी सहज उतरते, आणि ते उतरले म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते तळाला टेकलेले असते, पण भिंतींना पुरते भिडलेले नसते, त्यामुळे सगळा पीळ खाचेच्या चार बारीक कडांवर येतो. खाचेत पूर्ण खोलवर जाणारे सर्वांत मोठे टोक हेच त्या स्क्रूचे टोक, हा नियम मी आजही प्रत्येक अनोळखी स्क्रूला लावतो आणि मोठ्या मापाकडून लहानाकडे येतो, लहानाकडून मोठ्याकडे जात नाही.

याच्या जोडीला एक कमी माहितीची गोष्ट सांगतो. जपानी मानक असलेला, जेआयएस नावाने ओळखला जाणारा एक चौफुली स्क्रू असतो, जो वरवर फिलिप्ससारखाच दिसतो. त्याच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, मात्र तो असतोच असे नाही. फिलिप्सचे टोक या खाचेत तळापर्यंत नीट बसत नाही आणि लवकर निसटते. उलट जेआयएस मापाचे टोक फिलिप्सच्या खाचेत चांगले बसते. जपानी घडणीची जुनी-नवी यंत्रे तुमच्याकडे येत असतील तर या मापाची ०, ००, १ आणि २ अशी चार टोके घेऊन ठेवा. ‘स्क्रूच हलक्या दर्जाचे असतात हो’ अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचे टोक बदलून दिले की तक्रार थांबते, हे मी पाहिले आहे.

‘स्टार’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो, कारण काही लोक सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स स्क्रूलाही स्टारच म्हणतात. तेव्हा मागताना पीएच किंवा टी (म्हणजे टॉर्क्स) आणि पुढचा आकडा असेच बोलावे. टॉर्क्स १९६७ साली आला. त्याच्या भिंती उभ्या असल्यामुळे टोक वर चढत नाही, पण पाकळ्यांचे माप एका अंकाने जरी चुकले तरी टोक पाकळ्या छिलून काढते. संगणकाच्या कामात टी५, टी६ आणि टी८ पुरतात, आणि ती मध्ये भोक असलेली घ्यावीत, म्हणजे मध्यभागी खुंटी असलेले स्क्रूही त्यांनीच निघतात. ॲपलच्या अनेक लॅपटॉपच्या तळाला पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू असतात, त्यांना पी५ लागते. तिथे टॉर्क्स ठोकून बसवण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण पाच घरांत सहा पाकळ्या बसत नाहीत.

आता पोलाद. पात्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले पाहून बरेच जण समाधान पावतात. त्या शब्दांनी मिश्रधातू कोणता ते कळते, त्याला पाणी कसे चढवले आहे, म्हणजे तापवून आणि थंड करून किती कठीण केले आहे, ते कळत नाही, आणि हत्याराचा जीव तर त्या पाण्यात असतो. कठीणपणा कमी पडला की टोक गोलावते आणि जास्त झाला की काचेसारखे तुटते. बारीक टोकांसाठी हल्ली एस२ नावाचे, आघात सोसण्यासाठी बनवलेले पोलाद पुष्कळ वापरले जाते आणि चांगल्या टोकांचा कठीणपणा रॉकवेल मापनात साधारण ५८ ते ६२ असतो. पीएच२ सारख्या जाड टोकाला उत्तम पाणी दिलेले क्रोम व्हॅनेडियमही वर्षानुवर्षे पुरते. पीएच००० चे टोक मात्र कितीही चांगले असले तरी त्याच्याकडून पहारीचे काम करून घेऊ नये. शिकाऊ दिवसांत मी असे एक टोक स्क्रूच्या आतच मोडले होते, आणि मग स्क्रूपेक्षा ते मोडलेले टोक काढण्यात अर्धा दिवस गेला.

विकत घेताना हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण घडाई दिसते, आणि एका बाबतीत काळजी घेणारा कारखाना सहसा दुसरीकडेही घेतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग सोबत ठेवा आणि टोक त्याखाली धरा. चारही पाकळ्या सारख्या जाडीच्या हव्यात, टोकाचा शेंडा मधोमध हवा, कडा स्पष्ट हव्यात. टोकावर आरशासारखा जाड मुलामा असेल तर कडा त्याच्याखाली बुजलेल्या असतात आणि वापरात तो मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणूनच अनेक चांगल्या पात्यांचे टोक मुद्दाम काळसर, मुलामा न देता ठेवलेले असते. दुसरी परीक्षा स्क्रूची. त्याच मापाचा एक कोरा स्क्रू खिशात घेऊन जा आणि चुंबक नसलेल्या टोकावर बसवून पाते आडवे धरा. टोक बरोबर असेल तर स्क्रू नुसत्या बसण्याने तिथे टिकतो किंवा निदान डळमळत नाही. लगेच गळून पडला तर ते पाते परत ठेवा. टोके बदलता येणारी मूठ असेल तर टोक आत बसवून बाजूला हलवून पाहा. तिथली ढिलाई पुढे खाचेपर्यंत पोहोचते आणि तुम्ही सरळ दाबत असलात तरी टोक तिरके होते.

टोके बदलणारी एक मूठ घ्यावी की सुटी, अखंड पात्यांची हत्यारे घ्यावीत? दोन्ही लागतात, पण कामे वेगळी आहेत. बदलत्या टोकांच्या मुठीत चार मिलिमीटर षटकोनी टोके बसतात आणि क्वचित लागणाऱ्या मापांसाठी ती उत्तम सोय आहे. पण लॅपटॉपच्या तळाचे काही स्क्रू खोल आणि अरुंद भोकांत असतात, तिथे मुठीचा जाड गळा अडतो आणि टोक स्क्रूपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रोज लागणारी पीएच०, पीएच०० आणि टी५ ही तीन अखंड, बारीक पात्यांची घ्या. त्यांच्या मुठीच्या शेंड्यावर मोकळी फिरणारी टोपी असावी, म्हणजे तळहाताने वरून दाब देता देता बोटांनी मूठ फिरवता येते. वर सांगितलेला सरळ दाब हाच. पीएच२ ला मात्र जाड मूठ आणि निदान १५० मिलिमीटर लांबीचे पाते हवे, कारण प्रोसेसरच्या उंच कूलरखालचे स्क्रू आखूड पात्याच्या आवाक्यात नसतात.

नामांकित कंपन्यांबद्दल तुम्ही थेट विचारले आहे, तर थेट सांगतो. जर्मनीतील वेरा आणि विहा, स्वित्झर्लंडमधील पीबी स्विस, जपानमधील व्हेसल यांची टोके सर्वसाधारण पेट्यांतील टोकांपेक्षा खरोखर वेगळी असतात आणि जो माणूस रोज शंभर स्क्रू काढतो त्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो. मात्र एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या दर्जाच्या मालिका असतात आणि प्रसिद्ध नावांच्या नकलाही विकल्या जातात, त्यामुळे नाव वाचल्यावर भिंग खिशात ठेवू नये. माझी स्वतःची कसोटी जरा वेगळी आहे : झिजलेले एकच टोक त्या कंपनीकडून सुटे विकत मिळते का? मिळत असेल तर ही टोके झिजणार, ती बदलावी लागणार आणि ग्राहक पुन्हा आपल्याकडेच येणार हे गृहीत धरून तिने माल बनवलेला असतो. मिळत नसेल तर त्या संचातील पहिले टोक गेले की संपूर्ण पेटी हळूहळू अडगळ होते, जे तुमच्या बाबतीत घडले आहे.

तेव्हा जुनी पेटी फेकू नका, ती कपाटात राहू द्या, आणि आत्ता फक्त एवढे घ्या : वर सांगितलेली तीन अखंड पाती, लांब पीएच२, चार मिलिमीटर टोकांची एक चांगली मूठ आणि तिच्यासाठी लागतील तशी सुटी टोके, मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्यांसाठी ५ मिलिमीटरचा नट ड्रायव्हर (षटकोनी डोके बाहेरून धरून फिरवणारे हत्यार), एक चिमटा, एक कटर आणि थोडी प्लॅस्टिकची उचकटणी. विजेचा स्क्रूड्रायव्हर सध्या नको. स्क्रू पहिल्यांदा सुटतो तेव्हा आणि शेवटी घट्ट होतो तेव्हा हाताला जे कळते ते तुम्हाला अजून वर्षभर तरी कळायला हवे. एक गोष्ट या निमित्ताने सांगून ठेवतो, कारण चांगले हत्यार जोर वाढवते आणि वाढलेला जोर चुकीच्या ठिकाणीही लागतो. डेस्कटॉपमध्ये दोन जातींचे आटे शेजारी शेजारी असतात. साडेतीन इंची डिस्कला आणि एसएमपीएसला इंची मापाचा, ६-३२ नावाचा स्क्रू, ज्याचे आटे विरळ असतात, आणि अडीच इंची एसएसडीला (फिरत्या चकत्या नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) बारीक आट्यांचा, तीन मिलिमीटर व्यासाचा एम३. स्क्रू बसवताना आधी तो उलटा फिरवावा, आटे एकमेकांत पडल्याची हलकीशी टिचकी जाणवते, मग सुलटा पिळावा. दोन फेऱ्यांतच तो जड लागला तर थांबावे, जोर करू नये.

चिमटा घेताना तो चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचा घ्यावा, नाहीतर दोन मिलिमीटरचा स्क्रू जागेवर सोडायच्या वेळी त्याच्या टोकालाच लटकून राहतो. चिमटा मिटून उजेडाकडे धरा. टोके एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत. मग जरा जास्त दाबा. हलक्या चिमट्याची टोके जास्त दाबल्यावर पुन्हा फाकतात किंवा कात्रीसारखी एकमेकांवर चढतात. एक सरळ आणि एक बाकदार, ‘सात नंबर’ म्हणून मिळणारा, असे दोन असले तर उत्तम. बॅटरीची जोडणी काढल्याशिवाय मात्र कोणताही धातूचा चिमटा बोर्डावर नेऊ नये.

कटर सपाट धारेचा असावा, म्हणजे प्लॅस्टिकच्या बंधाचे कापलेले टोक बोचरे राहत नाही. पुढच्या वेळी त्याच कॅबिनेटमध्ये तुमचाच हात जाणार असतो. जबडे मिटल्यावर धारेतून उजेडाची रेघ दिसू नये आणि सांध्यात हालचाल नसावी. तो तांब्याच्या तारेसाठी आणि प्लॅस्टिकसाठीच आहे, पोलादी तार एकदा जरी कापली तरी धारेला खाच पडते.

उचकटण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्वस्त घ्या आणि भरपूर घ्या. पैसे वाचवायचे असतील तर ते इथे वाचवा, कारण त्या झिजण्यासाठीच असतात आणि त्यांची कड मऊ असते म्हणून लॅपटॉपची कड शाबूत राहते. धातूची पातळ पट्टी एखादी असू द्या, पण बॅटरीच्या आसपास ती हातात घेऊ नका. लिथियम बॅटरीला पोलादी कड लागून भोक पडले तर ती पेट घेऊ शकते.

चुंबकाची भीती फ्लॉपी डिस्कच्या काळातून चालत आली आहे आणि तेव्हा ती रास्त होती. हार्ड डिस्कच्या आत, चकत्यांपासून अगदी थोड्या अंतरावर, वाचणारा हात हलवण्यासाठी स्वतःचेच जोरदार निओडिमियम चुंबक बसवलेले असतात. त्यांच्यापुढे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचे चुंबकत्व काहीच नाही, शिवाय तुम्ही ते धातूच्या आवरणाबाहेर वापरता. एसएसडीत तर माहिती चुंबकाने साठवलेलीच नसते. चालू बोर्डावर पडलेला स्क्रू शॉर्ट सर्किट करू शकतो, त्यामुळे स्क्रू धरून ठेवणारे टोक धोका कमीच करते. त्रास होतो तो दुसरीकडे : चुंबकी टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि बोर्डावर सांडतो, म्हणून ते मधूनमधून पुसत जावे. आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्याचे ओळखणारा चुंबकी संवेदक असतो. स्क्रू ठेवायची चुंबकी ताटली त्याच्याजवळ आली की पडदा अचानक काळा होतो, आणि नवखा माणूस आपण नवीन बिघाड केला म्हणून घाबरतो.

स्थिर विजेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण हत्यारांच्या मुठी घेताना हा प्रश्न येणारच. शरीरावर साधारण ३,००० व्होल्टपेक्षा कमी साठलेली स्थिर वीज माणसाला जाणवतही नाही, आणि काही नाजूक चिपना १०० व्होल्टचा झटकाही पुरतो. त्यामुळे ‘मला तर कधी झटका बसला नाही’ या बोलण्याला अर्थ नाही. एक मेगाओहमचा रोध असलेला मनगटी पट्टा योग्य रीतीने अर्थिंगला जोडून वापरला की पुष्कळ काम होते. मुठींत मात्र दोन प्रकारांची गल्लत करू नका. लाल-पिवळ्या, १,००० व्होल्टची खूण असलेल्या मुठी वीजतंत्र्यांसाठी असतात. त्या वीज अडवतात, स्थिर वीज वाहून नेत नाहीत, आणि पात्यावरील प्लॅस्टिकचे वेष्टन अरुंद भोकात जातही नाही. ईएसडी (स्थिर विजेपासून बचावाची) खूण असलेल्या मुठी साठलेली वीज सावकाश उतरवतात, म्हणूनच त्या जिवंत तारेवर वापरायच्या नसतात. आणि एसएमपीएसचे आवरण कोणत्याही मुठीच्या भरवशावर उघडू नका, प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते.

आता तो कोपऱ्यातील स्क्रू. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तळाचे बाकी सगळे स्क्रू आधी सोडवून घ्या, म्हणजे या एकावरचा ताण कमी होईल. लॅपटॉप मऊ गादीवर नको, मेजावर पातळ कापड टाकून ठेवा, नाहीतर दाब वाया जातो. नव्या, धारदार टोकाने पीएच० पासून उतरत्या क्रमाने बसवून पाहा, जेआयएस मापही आजमावा, आणि सर्वांत घट्ट बसेल त्याने वरून जोरात दाबत आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवा, मग सोडवा. लॅपटॉपच्या स्क्रूंच्या आट्यांवर पुष्कळदा निळा चिकट थर लावलेला असतो, त्याची पकड या पहिल्या हिसक्यानेच सुटते आणि पुढचा पीळ अगदी हलका जातो. टोक तरीही निसटत असेल तर खाचेवर पातळ रबराचा तुकडा ठेवून पुन्हा दाबा, किंवा मोटारीचे व्हॉल्व्ह घासण्याची खरखरीत पेस्ट टाचणीच्या टोकाएवढी लावा, पण नंतर ती संपूर्ण पुसून घ्या. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या वर असेल तर सपाट कटरऐवजी बारीक पकडीने ते कडेने धरून फिरवता येते. या कशानेही जमले नाही तर स्क्रू काढण्याचे उलट आट्यांचे टोक, ज्यासाठी आधी स्क्रूत ड्रिलने भोक पाडावे लागते, ते वापरण्याआधी त्या जागेखाली बॅटरी आहे का, हे त्या मॉडेलच्या आतील चित्रावरून पाहून घ्या. असेल तर तिथे ड्रिल चालवू नका आणि ते काम अनुभवी माणसाकडे सोपवा.

निघालेला स्क्रू पुन्हा वापरू नका. त्याच्या जागी त्याच व्यासाचा, त्याच आट्यांचा आणि मोजून तेवढ्याच लांबीचा नवा लावा. एक मिलिमीटरने लांब असला तरी तो आतल्या बोर्डात किंवा वरच्या आवरणात घुसू शकतो.